डॉक्टर-नर्सच्या जुन्या इंग्रजी प्रेमकादंबऱ्या : अजून कोण कोण वाचतं?

पिवळी_पानं

मला १९५० ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये लिहिल्या गेलेल्या हॉस्पिटल-कादंबऱ्यांवर बोलायचं आहे, आणि जरा सविस्तर बोलायचं आहे. मिल्स अँड बून या प्रेमकथा छापणाऱ्या प्रकाशनसंस्थेच्या, किंवा त्यांच्या आसपासच्या. नायिका स्टाफ नर्स किंवा वॉर्ड सिस्टर (वॉर्डाची प्रमुख नर्स), नायक कन्सल्टंट, म्हणजे वरिष्ठ तज्ज्ञ डॉक्टर, आणि दोनशे पानांत एकदाच, तेही शेवटच्या पानावर, तो तिला जवळ घेतो. या पुस्तकांचा विषय निघाला की कुणीतरी हसतं, किंवा वाचणारीच "आपलं सहज, डोक्याला ताप नको म्हणून" असं सांगून मोकळी होते. मला ही सारवासारव पटत नाही. मी ती आवडतात म्हणून वाचते, पुन्हा पुन्हा वाचते. नावाजलेल्या पुस्तकांत क्वचित भेटणारं काहीतरी मला त्यांत भेटतं.

ज्यांनी वाचली नाहीत त्यांच्यासाठी आधी साचा सांगते. नायिका पंचविशीची, फार देखणी नाही असं पहिल्याच पानावर सांगितलेली. आईवडील नाहीत, किंवा वडील दूर खेड्यात पाद्री आहेत. पैशाची ओढाताण, धाकट्या भावाच्या शिक्षणाची काळजी. तीन वर्षांचं प्रशिक्षण पुरं करून ती लंडनच्या एखाद्या जुन्या हॉस्पिटलात काम करते आणि नर्सेस होममधल्या लहानशा खोलीत राहते. नायक वयाने बराच मोठा, उंच, कमी बोलणारा, बहुतेक वेळा थकलेला. एक तिसरी असते, सुंदर आणि श्रीमंत, जिच्याशी त्याचं लग्न ठरल्यातच जमा आहे असं सगळे धरून चालतात. गैरसमज होतो, नायिका नोकरी सोडून दुसरीकडे जाते, मग तो शोधत येतो. गोष्ट एवढीच. पुढचं सगळं पहिल्या प्रकरणातच कळतं, आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही.

मला सगळ्यात जास्त काय आवडतं, तर यातली माणसं एकमेकांना काम करताना बघतात. प्रेमकथा लिहिणाऱ्याला एक प्रश्न टाळता येत नाही : ही मुलगी याला का आवडली? बहुतेक ठिकाणी उत्तर रूपात असतं, नाहीतर पहिल्या भेटीतल्या खडाजंगीत. इथे ते कामात असतं. मध्यरात्री अपघाताची केस येते. ती आधीच ट्रे लावून उभी असते. त्याने हात पुढे केला की हवी ती वस्तू हातात. कातडी भाजलेल्या पोराचं ड्रेसिंग ती अशा हाताने बदलते की पोर रडायचं थांबून तिच्याकडे बघत राहतं. तो एक अक्षर बोलत नाही. चार पानांनी मेट्रनच्या, म्हणजे हॉस्पिटलातल्या सगळ्या नर्सेसच्या प्रमुख बाईंच्या, खोलीत सहज म्हणतो, उद्याच्या केसला तीच सिस्टर असली तर बरं. बस. मला या एका वाक्यात जितकं सुख मिळतं तितकं गुलाबांच्या ताटव्यातल्या दहा भेटींत मिळत नाही.

उलट बाजूनेही तेच. तो चांगला माणूस आहे हे तिला कसं कळतं? राउंडला मागे शिकाऊ डॉक्टरांचा घोळका असतो, पण तो आधी पेशंटशी बोलतो, मग त्यांच्याशी. उद्या ऑपरेशन असलेल्या, घाबरलेल्या म्हातारीशेजारी स्टूल ओढून बसतो आणि तिच्या मांजराला सध्या कोण बघतंय ते विचारतो. स्ट्रेचर ढकलणाऱ्या पोर्टरचं नाव त्याला ठाऊक असतं. आणि ती तिसरी वॉर्डात येते तेव्हा पलंगांकडे न बघता सरळ चालत जाते. तिथेच तिचा निकाल लागतो. आजारी माणूस बदल्यात काही देऊ शकत नाही, म्हणून त्याच्याशी कोण कसं वागतं ही परीक्षा मला खरी वाटते.

शिवाय संयम. ड्यूटीवर ती फक्त 'सिस्टर', तो फक्त 'सर'. पावणेदोनशे पानांनंतर एकदा, भलत्याच गडबडीत, त्याच्या तोंडून तिचं पहिलं नाव निघतं. दोघंही ऐकतात, कुणीच काही बोलत नाही, आणि काम पुढे चालू राहतं.

तुम्ही वाचता का? काय आवडतं? काय खटकतं तेही लिहा, खटकण्याजोगं बरंच आहे.

ओवी

पोर्टरचं नाव! किती खरं आहे हे. मी प्रत्येक पुस्तकात नकळत याचीच वाट बघत असते, आता कळलं. वाचनखूण साठवली.

टिपकागद

सुंदर धागा. ही पुस्तकं अशी का घडली याबद्दल थोडं लिहितो, कारण त्यांचा सोज्ज्वळपणा आकाशातून पडलेला नाही.

जेराल्ड मिल्स आणि चार्ल्स बून यांनी लंडनमध्ये १९०८ साली प्रकाशनसंस्था काढली तेव्हा ते सगळ्या तऱ्हेची पुस्तकं छापत. निव्वळ प्रेमकथांकडे ते वळले १९३० च्या दशकात, आणि त्याचं मोठं कारण म्हणजे वर्गणी भरून पुस्तकं देणारी खाजगी वाचनालयं. बूट्स या औषधांच्या दुकानांच्या साखळीचं स्वतःचं वाचनालय होतं, डब्ल्यू. एच. स्मिथचंही होतं. स्त्रिया आठवड्याचं सामान आणायला जात आणि येताना दोन पुस्तकं बदलून आणत. वाचनालयांना हवी होती घरात कुणाच्याही हाती पडली तरी चालतील अशी पुस्तकं, आणि ती नियमितपणे. जाड पुठ्ठ्याची तपकिरी बांधणी इतकी ओळखीची झाली की वाचक लेखिकेचं नाव न विचारता ती तपकिरी पुस्तकंच मागत. डब्ल्यू. एच. स्मिथचं वाचनालय १९६१ साली बंद झालं, बूट्सचं १९६६ साली. तोवर पेपरबॅक आली होती.

आता हॉस्पिटलचा भाग. कॅनडातली हार्लेक्विन ही कंपनी १९४९ मध्ये विनिपेगला सुरू झाली. १९५७ साली तिने मिल्स अँड बूनचं पहिलं पुस्तक पुन्हा छापलं, ते हॉस्पिटलचंच होतं. डॉक्टर-नर्सच्या कथांवरच त्यांचा जम बसला, आणि पुढे १९७१ साली हार्लेक्विनने मिल्स अँड बून विकतच घेतली. इंग्लंडमध्ये १९५७ पासून 'इमर्जन्सी वॉर्ड १०' ही दूरदर्शन मालिका दहा वर्षं चालली, तिनेही वॉर्डाचं जग घराघरांत नेलं. राष्ट्रीय आरोग्य सेवा ५ जुलै १९४८ ला सुरू झाली होती. खिशात पैसे नसलेला माणूसही आता निःसंकोच हॉस्पिटलात जात होता. वाचणाऱ्या प्रत्येकीने तो वॉर्ड आतून पाहिलेला होता.

मिल्स अँड बूनची 'मेडिकल' मालिका आजही चालू आहे. पण तिची चाल वेगळी, धागाकर्तीला अपेक्षित आहे ती ही नव्हे.

रात्रपाळी

मी नर्स आहे, बरीच वर्षं वॉर्डात काढली. त्यामुळे या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवत नाही.

या कादंबऱ्या मला आवडतात कारण यातली चांगली पुस्तकं नर्सनीच लिहिली आहेत, आणि ते ओळीओळीत कळतं. लुसिला अँड्र्यूज यांचा जन्म १९१९ चा, सुएझचा. दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात त्या नर्सिंग शिकल्या, म्हणजे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० साली जिथे नर्सिंगची शाळा काढली तिथे. बॉम्ब पडत असताना शिकल्या. पुढे डॉक्टरशी लग्न झालं, मुलगी झाली, पण नवरा आजारी पडला आणि १९५४ साली गेला. त्याच वर्षी त्यांची पहिली कादंबरी आली. रात्री ड्यूटी करून, मूल सांभाळून लिहिलेलं हे लेखन आहे. त्यात गोडवा आहे, पण तो गोडवा काय किमतीला येतो हे त्या बाईला पक्कं माहीत होतं.

वॉर्डाची रचना डोळ्यांसमोर आणा, म्हणजे पिवळी_पानं म्हणतात तो संयम कुठून येतो ते कळेल. जुन्या ब्रिटिश हॉस्पिटलांतला नाइटिंगेल वॉर्ड म्हणजे एक लांबलचक दालन, दोन्ही भिंतींना मिळून तीसेक पलंग, दोन पलंगांमध्ये उंच खिडकी, मध्यभागी सिस्टरचं टेबल. आडोसा नाही. कोण कुणाशी किती वेळ बोललं, कोण कुणाकडे बघून हसलं, हे साठ डोळे बघत असतात. पेशंटना आठवडेच्या आठवडे दुसरं काही करायला नसतं, ते सगळं टिपतात. अशा ठिकाणी प्रेमात पडलेली दोन माणसं काय करणार? टेम्परेचरच्या तक्त्यावरून बोलणार. या कथांतला अर्धा प्रणय रक्तदाबाच्या आकड्यांत दडलेला असतो तो यामुळे.

आणि म्हणून रात्रपाळीचे प्रसंग इतके चढतात. रात्री टेबलावर कापड टाकून मंद केलेला एकच दिवा, जागी असलेली एकटी नर्स, बाकी वॉर्ड झोपलेला. पहाटेच्या तीन-चारच्या सुमाराला माणूस सगळ्यात दुबळा होतो, पेशंटही आणि नर्सही, हे रात्रपाळी केलेल्या कुणालाही विचारा. त्या वेळी रजिस्ट्रार, म्हणजे कन्सल्टंटच्या हाताखालचा डॉक्टर, एका पेशंटला बघायला येतो, बघून होतं, आणि तो लगेच जात नाही. दोन मिनिटं टेबलाशी उभा राहतो. मी अशा वेळी वॉर्डात जागी असायची, म्हणून त्या दोन मिनिटांचं मोल मला कळतं. त्यात प्रेम असेलच असं नाही. आपण जागे आहोत हे दुसऱ्या जाग्या माणसाने पाहिलं, एवढंही पुरतं.

बारकावे तर विचारूच नका. बेडपॅन घासायची खोली, तिथे रडून घेणाऱ्या शिकाऊ मुली. चादरीचे कोपरे ठरावीक कोनात दुमडायचे. राउंडच्या आधी पलंगांची चाकं एका रेषेत वळवायची. पेशंटला आंघोळ घालायचा सराव आधी माणसाएवढ्या बाहुल्यांवर करायचा. हे कल्पनेने लिहिता येत नाही.

टिपकागद

रात्रपाळी, अप्रतिम प्रतिसाद. अँड्र्यूज यांच्याबद्दल एक भर. १९७७ साली त्यांनी युद्धकाळातल्या नर्सिंगच्या आठवणी लिहिल्या. इयन मॅकएवनच्या २००१ सालच्या 'अटोनमेंट' या कादंबरीतल्या हॉस्पिटलच्या भागातले काही तपशील त्या आठवणींमधून आले आहेत, यावर २००६ साली इंग्लंडच्या वृत्तपत्रांत मोठी चर्चा झाली. मॅकएवनने पुस्तकातच त्यांचं ऋण मान्य केलेलं होतं. त्याच वर्षी त्या वारल्या. दोष कुणाचा यात मला रस नाही. पण जिच्या पुस्तकांना लोक हलकं वाचन म्हणत, तिच्याकडे ते जग इतकं नेमकं होतं की गंभीर कादंबरीकारालाही तिथेच जावं लागलं, याचा मला फार आनंद वाटतो.

ठिणगी

मीही ही पुस्तकं वाचलेली आहेत, आणि विरोधी सूर लावते. मनापासून लावते.

सगळं हॉस्पिटल एका पुरुषाच्या भुवईवर चालतं. तो आत आला की वीस बायका उभ्या राहतात. तो खेकसतो, आणि लेखिका सांगते की तो दमला आहे. नायिका दमली असली तरी खेकसत नाही. त्याचं वय, पगार, हुद्दा, घराणं सगळंच तिच्यापेक्षा वर. 'तो तिचं काम बघतो' हे छान वाटतं, पण ती वीस वर्षांनी मेट्रन होईल इतकी हुशार आहे हे बघूनही शेवटी तो काय देतो? गावाकडचं मोठं घर, कुत्रा आणि राजीनामा. ज्या कामामुळे ती त्याला आवडली तेच काम शेवटच्या पानावर सुटतं. पुस्तक मिटताना दर वेळी मला तिच्या वॉर्डाचं काय झालं असेल याची चिंता लागते.

पिवळी_पानं

ठिणगी, तुमचा शेवटचा मुद्दा मलाही बोचतो, आणि मी तो खोडणार नाही.

फक्त त्या काळाचा भाग सांगते. युद्धापूर्वी बहुतेक ब्रिटिश हॉस्पिटलांत लग्न झालं की नर्सने नोकरी सोडायची असा नियम किंवा प्रघात होता. नर्सेस होममध्ये राहणं जवळपास सक्तीचं, रात्री ठरलेल्या वेळेला दार बंद, उशीर होणार तर आधी परवानगी. युद्धात आणि त्यानंतर नर्सेस मिळेनाशा झाल्या तेव्हा हे सैल होत गेलं, पण सवयी लगेच गेल्या नाहीत. म्हणजे लेखिकेने नायिकेला घरी बसवलं असं म्हणण्यापेक्षा, वाचणाऱ्या मुलीच्या आयुष्यात प्रत्यक्ष जे घडत होतं त्यातल्या त्यात बऱ्यापैकी जोडीदार तिला मिळवून दिला, असं मी म्हणेन. सोडायचंच आहे तर निदान तुझं काम ज्याने पाहिलंय अशा माणसासाठी सोड.

अधिकाराबद्दल मात्र थोडी हुज्जत घालते. या पुस्तकांत सगळ्यात मोठी सत्ता कन्सल्टंटकडे नसते, मेट्रनकडे असते. सर्जन मेट्रनला दबकून असतो. स्वतःच्या वॉर्डात सिस्टरचा शब्द शेवटचा, राउंड तिच्या सोयीने. त्या काळातल्या किती कथांत इतक्या बायका स्वतःच्या अधिकाराने काम करताना, माणसं हाताखाली घेऊन, निर्णय घेताना दिसतात? नर्सिंगच्या व्यवस्थापनावरच्या सॅमन समितीच्या १९६६ च्या अहवालानंतर मेट्रनचं पद हळूहळू गेलं आणि नर्सिंग ऑफिसर आल्या. ७० च्या दशकातल्या कादंबऱ्यांत मेट्रन नाहीशी झाल्याची हळहळ स्पष्ट ऐकू येते, आणि ती लेखिकांची स्वतःची आहे असं मला वाटतं.

खेकसण्याबद्दल तुम्ही म्हणता ते बरोबर. ज्या पुस्तकात नायक तिच्यावर सगळ्यांसमोर ओरडतो आणि माफी मागत नाही, ते मी अर्ध्यात सोडते.

ठिणगी

मेट्रनचा मुद्दा मान्य. माझ्या लक्षात राहिलेल्या सगळ्या चांगल्या पात्रांत एक तरी कडक, एकटी, पन्नाशीची सिस्टर आहेच, आणि तिला लेखिकेने कधी केविलवाणं केलेलं नाही.

स्टेथो

डॉक्टर म्हणून एक वेगळं कारण मांडतो. या कादंबऱ्यांतला सुखान्त वैद्यकाच्या इतिहासावर उभा आहे.

१९३० च्या दशकापर्यंत न्यूमोनिया झाला तर खरा उपाय नव्हता. ताप चढत जायचा, साधारण आठवड्याने निर्णायक रात्र यायची, आणि त्या रात्री एकतर दरदरून घाम फुटून ताप उतरायचा किंवा माणूस जायचा. शुश्रूषा हाच उपचार होता. पाणी पाजणं, कूस बदलणं, कपडे बदलणं, जागं राहणं. जुन्या कथांत नर्स रात्रभर पेशंटशेजारी बसून राहते ते रंगवून सांगितलेलं नाही, खरोखर तेवढंच हाती होतं. मग १९३८ च्या सुमाराला सल्फाची गोळी आली. योगायोग असा की तिचं नाव एम अँड बी ६९३, मिल्स अँड बूनचीच आद्याक्षरं, पण ते मे अँड बेकर या औषध कंपनीवरून. १९४३ च्या डिसेंबरात चर्चिलला न्यूमोनिया झाला तेव्हा त्याला हीच दिली होती. युद्धानंतर पेनिसिलिन सर्वसामान्यांना मिळू लागलं. १९४८ साली स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि क्षयाच्या पेशंटला प्रथमच औषधाची आशा दिसली. १९५६ पासून ब्रिटनमध्ये पोलिओची लस द्यायला लागले.

म्हणजे ज्या वाचकांनी लहानपणी घरातली, शेजारची माणसं साध्या तापाने गेलेली पाहिली होती, त्यांच्या डोळ्यांदेखत माणसं बरी होऊन घरी जायला लागली. त्या पंधरा-वीस वर्षांत वैद्यकाबद्दल जो विश्वास होता तसा आधी नव्हता आणि नंतरही तितका निर्भेळ राहिला नाही. 'सगळं ठीक होईल' असं डॉक्टर म्हणतो आणि ते होतं, हे त्या कथांत भाबडं वाटत नाही कारण तो त्यांच्या ताज्या अनुभवाचा भाग होता. या कादंबऱ्यांचा उबदारपणा मला तिथून आलेला दिसतो.

आणखी एक. तेव्हा पेशंट वॉर्डात राहायचे. मांडीचं हाड मोडलं तर वजनं लावून तीन-तीन महिने पलंगावर. हृदयविकाराचा झटका आला तर आठवडेच्या आठवडे सक्तीची विश्रांती. क्षयाच्या आरोग्यधामात तर वर्षसुद्धा. त्यामुळे कादंबरीला पात्रं मिळायची : खिडकीजवळचा मोटारसायकलवाला पोरगा, कोपऱ्यातले निवृत्त बोटीवरचे आजोबा, दोघांची भांडणं, आणि त्या दोघांनी मिळून सिस्टरचं लग्न जमवायचा घातलेला घाट. आज तिसऱ्या दिवशी घरी पाठवलेल्या पेशंटला घेऊन अशी गोष्ट लिहिणं अवघड आहे. माझ्या कामात मला सगळ्यात जास्त उणीव जाणवते ती याचीच, पेशंटला ओळखण्याइतका वेळ.

ओवी

कोपऱ्यातल्या आजोबांवर वेगळा धागा निघायला हवा. ते गेले की मी नायक-नायिकेच्या ताटातुटीपेक्षा जास्त रडते.

मौनराग

चर्चा आवडली म्हणूनच एक जड गोष्ट इथे ठेवतो.

ज्या वर्षांतल्या या कथा आहेत त्याच वर्षांत ब्रिटिश हॉस्पिटलं कोण चालवत होतं? आयर्लंडहून आणि कॅरिबियन बेटांवरून आलेल्या हजारो मुली. त्यांतल्या कितीतरी जणींना तीन वर्षांच्या पूर्ण नोंदणीच्या अभ्यासक्रमाऐवजी दोन वर्षांच्या दुय्यम अभ्यासक्रमात घातलं गेलं. काहींना तर दोन्हींतला फरकही आधी सांगितला नव्हता. त्या पात्रतेवर सिस्टर होता येत नसे, म्हणजे या कादंबऱ्यांची नायिका होण्याचा रस्ताच बंद. भारतीय उपखंडातून गेलेल्या डॉक्टरांनाही मोठ्या संख्येने वृद्धांच्या आणि मनोरुग्णांच्या विभागांत जागा मिळाल्या, जिथे इतर कुणी जायला तयार नसत. मी वाचलेल्या कादंबऱ्यांत ही माणसं जवळजवळ नाहीतच. आलीच तर एखाद्या ओळीत, बिननावाची.

धागाकर्ती म्हणते की पोर्टरचं नाव माहीत असणं ही चांगुलपणाची खूण. मग लेखिकांनाही ती परीक्षा लावायला हवी.

पिवळी_पानं

मौनराग, हे लिहिलंत म्हणून आभार. याला उत्तर देऊन मोकळं व्हावं असं मला वाटत नाही. ती माणसं त्या वॉर्डांत होती, त्याच रात्रपाळ्या करत होती, आणि त्यांच्याही प्रेमकथा होत्याच. त्या कुणी लिहिल्या नाहीत, आणि लिहिल्या असत्या तर प्रकाशकाने तेव्हा घेतल्या असत्या असंही वाटत नाही. मला त्या वाचायला आवडल्या असत्या. आज कुणी त्याच काळावर, तशाच संथ चालीत, जमैकाहून आलेल्या नर्सची कथा लिहिली तर मी पहिल्या दिवशी घेईन.

रात्रपाळी

मीही. आणि त्या कथेतली मेट्रन तिला कोणत्या अभ्यासक्रमाला घालते तिथूनच गोष्ट सुरू व्हायला हवी.

झुळूक

मी सहसा फक्त वाचते, आज लिहिते.

घरातल्या एका जवळच्या व्यक्तीच्या दीर्घ आजारपणात मी दवाखान्याच्या बाकड्यावर ही पुस्तकं वाचली. लोकांना नवल वाटायचं : बसलीयेस हॉस्पिटलात, आणि वाचतेस हॉस्पिटलचंच? पण दुसरं काहीच वाचवत नव्हतं. रहस्यकथेतला मृत्यू नको होता, विनोद परका वाटत होता. इथे मात्र मी जिथे बसले होते तेच जग होतं, फक्त त्यात प्रत्येकाला वेळ होता. डॉक्टर थांबून समजावून सांगत होते. बाकड्यावर बसलेल्या नातेवाईक बाईला कुणीतरी चहा आणून देत होतं. या कादंबऱ्यांत नातेवाइकाला चहा नेहमी मिळतो, लक्षात आलंय का? मला त्या वेळी नायकापेक्षा त्या चहाची जास्त ओढ होती.

वास्तव विसरायला वाचते असं कुणी म्हणालं की मला पटत नाही. मी काही विसरत नव्हते. हे कसं असायला हवं होतं ते वाचत होते, आणि त्यामुळे एकदा मी स्वतः धीर करून डॉक्टरांना थांबवलं आणि नीट समजावून मागितलं. त्यांनी सांगितलंही.

स्टेथो

झुळूक, तुमचा प्रतिसाद मी जपून ठेवतोय. आमच्या शिकाऊ डॉक्टरांना वाचून दाखवला तर चालेल का? तुमच्या टोपणनावाशिवाय.

झुळूक

जरूर.

नवी_वाचक

सगळा धागा एका बैठकीत वाचला. मी यातलं एकही पुस्तक वाचलेलं नाही. सुरुवात कुठून करावी? आणि बेट्टी नील्स हे नाव सारखं ऐकते, त्यांच्याबद्दल इथे कुणीच कसं लिहिलं नाही?

पिवळी_पानं

नील्सबाई राहिल्याच होत्या, बरं झालं विचारलंत. त्या नर्स आणि सुईण. महायुद्धाच्या सुरुवातीला सैन्याच्या नर्सिंग सेवेतून फ्रान्समध्ये होत्या. डच माणसाशी लग्न केलं, काही वर्षं नेदरलँड्समध्ये राहिल्या, निवृत्त झाल्या, आणि साठीच्या उंबरठ्यावर, १९६९ साली, त्यांची पहिली कादंबरी आली. म्हणे वाचनालयात एक बाई चांगल्या प्रेमकथा मिळत नाहीत अशी तक्रार करत होत्या, ती कानावर पडली आणि त्यांनी लिहायला घेतलं. २००१ साली वारल्या तोवर १३० हून अधिक कादंबऱ्या झाल्या होत्या. नायक जवळजवळ नेहमी डच डॉक्टर, प्रचंड उंच, मोठी गाडी, जुनं घर. साचा सगळ्यात पक्का त्यांचाच, आणि जग सगळ्यात सुरक्षितही त्यांचंच. जेवण काय होतं, कोट कुठल्या रंगाचा होता, खोलीत शेकोटी होती का, हे त्या इतक्या आवडीने सांगतात की काटकसरीत राहणाऱ्या नायिकेला नवा कोट मिळाला की आपल्यालाच ऊब मिळते.

पण सुरुवात त्यांच्यापासून करू नका. ठिणगीला खटकणारं सगळं त्यांच्याकडे ठासून भरलेलं आहे, आणि आधी गोडी लागलेली नसेल तर दोन पुस्तकांत कंटाळा येईल. आधी अँड्र्यूज यांच्या १९५० आणि ६० च्या दशकांतल्या कादंबऱ्या घ्या. त्यांत वॉर्ड जास्त आहे, नायिका स्वतः बोलते, थट्टामस्करी करते, आणि तिच्या मैत्रिणीही नीट रंगवलेल्या असतात. त्या आवडल्या तर त्यांचं आत्मकथन वाचा, मग नील्स. जुन्या प्रती वाचनालयांत आणि रद्दीच्या पुस्तकांत अजून मिळतात. पाठीमागचा मजकूर न वाचता घ्या, कारण तिथे गोष्ट शेवटापर्यंत सांगून टाकलेली असते.

नवी_वाचक

धन्यवाद. अँड्र्यूजपासून सुरू करते. वाचून झालं की याच धाग्यावर लिहीन.